एका टेनंटमधून दुसऱ्या टेनंटमध्ये : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा यंत्रभाग बनवणारा विभाग मूळ उद्योगसमूहापासून वेगळा होऊन नव्या मालकाकडे गेला, आणि २१४ ईमेल खाती, वनड्राइव्हमधली कागदपत्रे आणि टीम्समधले गट समूहाच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मधून आमच्या स्वतंत्र टेनंटमध्ये आणण्याचे काम आम्हा चौघांच्या संगणक विभागाकडे आले. टेनंट म्हणजे भाडेकरू; पण इथे हा शब्द एका संस्थेची खाती, परवानग्या आणि साठवण ज्या कुंपणाच्या आत राहतात त्या कुंपणासाठी वापरतात. दोन्हीकडे तीच प्रणाली असल्यामुळे ‘इकडचे तिकडे करायचे, त्यात एवढे काय’ असे वरिष्ठांचे म्हणणे होते. मेलबॉक्सपुरते ते खरे ठरले. माणसाच्या जुन्या ओळखीला जे जे बांधलेले होते, त्याच्या बाबतीत ते साफ चुकले.

मेलबॉक्ससाठी आम्ही मायक्रोसॉफ्टचीच टेनंट ते टेनंट स्थलांतराची सुविधा वापरली. तिला प्रत्येक खात्यामागे एकदाच घ्यावा लागणारा वेगळा परवाना लागतो. पूर्वतयारी किचकट आहे, कारण नव्या बाजूला प्रत्येक व्यक्तीची नोंद जुन्या मेलबॉक्सच्या अंतर्गत ओळखक्रमांकासह आधी करून ठेवावी लागते. पण एकदा ती जुळली की मेल आधीपासून ९५ टक्क्यांपर्यंत येऊन थांबतात आणि ठरलेल्या रात्री फक्त उरलेला भाग आणावा लागतो. पाच मेलबॉक्स अडकले, कारण जुन्या खटल्यामुळे त्यांच्यावर लिटिगेशन होल्ड (पुराव्याचे मेल पुसले जाऊ नयेत म्हणूनचा अटकाव) लावलेला होता आणि तसा मेलबॉक्स ही सुविधा हलवत नाही. बाकी सगळे फोल्डर, कॅलेंडर आणि संपर्क नीट आले. आठ महिन्यांत ‘माझा जुना मेल हरवला’ अशी खरी ठरलेली एकही तक्रार माझ्याकडे नाही.

डोमेनची रात्र मात्र लक्षात राहिली. एक डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यातला @ नंतरचा भाग, एका वेळी एकाच टेनंटमध्ये राहू शकते, त्यामुळे ते जुन्या ठिकाणाहून पूर्ण सोडवल्याशिवाय नव्या ठिकाणी जोडता येत नाही. मधल्या काळात येणारे मेल परत जाऊ नयेत म्हणून एमएक्स नोंद (डोमेनचे मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी) उत्तर न देणाऱ्या पत्त्याकडे वळवून ठेवली. पाठवणारे सर्व्हर अशा वेळी मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, आणि प्रमाणकानुसार त्यांनी निदान चार-पाच दिवस तरी हार मानायची नसते. रात्री साडेअकरापर्यंत डोमेन काही सुटेना, कारण कुठेतरी त्याचा एक पत्ता शिल्लक होता. तो निघाला २०१९ च्या दिवाळीभेटीच्या वाटपासाठी कोणीतरी उघडलेल्या आणि एकही सदस्य न उरलेल्या गटाचा. त्याच धांदलीत डीकेआयएमच्या, म्हणजे मेलवरची डिजिटल सही तपासण्याच्या, दोन नोंदी बदलायच्या राहिल्या. कोणत्या सर्व्हरने आमच्या नावाने मेल पाठवायचे ते सांगणारी एसपीएफ नोंद सगळ्या टेनंटना सारखीच असल्यामुळे थेट जाणारे मेल पोचत होते आणि चूक दिसत नव्हती. ज्या ग्राहकाकडे आमचे मेल एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर आपोआप पुढे जात, तिथे एसपीएफ उपयोगी पडत नाही आणि आमची सही जुळत नव्हती, त्यामुळे ते दोन दिवस नाकारले जात होते.

सोमवारी सकाळी खरा प्रकार सुरू झाला. नवा मेल लिहिला तर जायचा, पण जुन्या मेलला उत्तर दिले की ‘पोचवता आला नाही’ म्हणून परत यायचा, आणि तोही समोरच्या टेबलावरच्या विभागाच्या पत्त्यावरून. याचे कारण असे की संस्थेच्या आतल्या मेलमध्ये आउटलुक साधा ईमेल पत्ता न ठेवता एक्स्चेंज या मेलप्रणालीचा लांबलचक अंतर्गत पत्ता लक्षात ठेवते, आणि तो पत्ता जुन्या टेनंटचा असतो. माणसांच्या मेलबॉक्सना आम्ही हा जुना पत्ता एक्स ५०० या प्रकाराने जोडलेला होता. स्टोअर्स, डिस्पॅच, गुणवत्ता असे सामायिक मेलबॉक्स आणि वितरण याद्या मात्र ‘नव्याने करू, स्वच्छ होईल’ म्हणून कोऱ्या बनवल्या. हा निर्णय माझा होता. परत आलेल्या प्रत्येक मेलमधला तो विचित्र पत्ता उचलून, सुरुवातीचा ठरावीक शब्द काढून, अधोरेषेच्या जागी तिरकी रेघ, ‘+२०’ च्या जागी मोकळी जागा आणि ‘+२८’, ‘+२९’ च्या जागी कंस घालत मी दोन दिवस ३७ पत्ते हाताने जोडले. जुन्या बाजूने ही यादी आधी काढून घेतली असती, तर ते अर्ध्या तासाचे काम होते.

वनड्राइव्हच्या फायली हलवताना जुन्या जागी नव्या जागेकडे वळवणारी खूण राहते, त्यामुळे तिथले दुवे चालत राहिले. शेअरपॉइंटवरच्या साइट, म्हणजे गटांच्या सामायिक फायलींच्या जागा, इतर विभागांशी सामायिक होत्या, म्हणून त्यातली आमची फोल्डरे फक्त नक्कल करून आणली. दुवे अर्थातच तुटले. तुटलेला दुवा निदान ओरडतो. दरपत्रकाची एक्सेल फाइल ओरडली नाही: ती पोलादाचे दर जुन्या साइटवरच्या दुसऱ्या फाइलमधून घेत असे, आणि ती फाइल सापडत नसताना शेवटचा लक्षात असलेला आकडाच दाखवत राहिली. पाच आठवड्यांनी खरेदी विभागातल्या एका काकांनी दर ओळखून विचारले, तेव्हा कळले. तोपर्यंत एक कोटेशन जुन्या दराने गेलेही होते.

लॅपटॉप जुन्या टेनंटमधून काढून नव्यात जोडले की विंडोजमध्ये नवे प्रोफाइल तयार होते. डेस्कटॉप रिकामा आणि मुलीचा फोटो गायब बघून लोक घाबरतात. पण ते तात्पुरते. खरी गफलत तीन महिन्यांनी उघडी पडली. विक्री विभागातल्या एका अभियंत्याचा कोल्हापूरहून फोन आला: “सर, बायोस अपडेट झाला, आता निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागतोय.” डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या बिटलॉकरची ही किल्ली जुन्या टेनंटमध्ये त्या लॅपटॉपच्या नोंदीखाली साठवलेली होती, आणि तिकडच्या साफसफाईत ती नोंदच पुसली गेली होती. नव्या टेनंटमध्ये किल्ली मुद्दाम पाठवावी लागते, ते आम्ही केलेले नव्हते. डिस्क पुसण्याखेरीज इलाज उरला नाही. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमुळे परत मिळाले. डाउनलोड्स फोल्डर त्यात येत नसल्यामुळे ग्राहकाने दिलेली ड्रॉइंग पुन्हा मागावी लागली. त्या संध्याकाळी उरलेल्या सगळ्या लॅपटॉपच्या किल्ल्या नव्या बाजूला पाठवल्या.

टीम्समधले खासगी संभाषण या सुविधेतून येत नाही, हे आधीच सांगून ठेवावे. जुन्या बैठकांचे दुवेही जुन्या टेनंटकडेच जातात. आमच्या गुरुवारच्या उत्पादन बैठकीला तीन आठवडे काहीजण जुन्या लॉबीत (ऑनलाइन प्रतीक्षागृहात) वाट पाहत बसले होते. शॉपफ्लोअरच्या सुपरवायझरांचे मोबाइल गेटवरच जमा होत असल्यामुळे दुहेरी पडताळणीसाठी त्यांना आधी टेम्पररी ॲक्सेस पास (थोडा वेळ चालणारा सांकेतिक शब्द) आणि नंतर यूएसबी सुरक्षा-किल्ल्या द्याव्या लागल्या. झेरॉक्स मशीनवरून स्कॅन मेलने जात नाही, ही तक्रार तर सहाव्या महिन्यातही आली.

ही सुविधा मी पुन्हा वापरीन का, तर मेलबॉक्स आणि वनड्राइव्हसाठी निःसंशय. परवान्याचा खर्च वाचवून हाताने पीएसटी फायली (आउटलुकने संगणकावर काढलेल्या मेलच्या प्रती) नेण्याचा एका ओळखीच्या कार्यालयाचा मार्ग मी जवळून पाहिला आहे, आणि तो कोणाला सुचवणार नाही. सामायिक मेलबॉक्सचे जुने पत्ते, एक्सेलमधले बाहेरचे दुवे आणि बिटलॉकरच्या किल्ल्या या तीन याद्या मात्र पहिला मेलबॉक्स हलवण्याआधी हातात घेईन. वनड्राइव्हच्या खुणा जुने टेनंट आपल्या जागा काढून टाकेपर्यंतच चालणार आहेत. ग्राहकांना पूर्वी पाठवलेल्या गुणवत्ता-कागदपत्रांतले तसले सत्तरेक दुवे अजून बदलायचे आहेत, आणि ते काम सध्या रोज दुपारी जेवणानंतर चालू असते.