काचेला रिपेलंट लावू की वायपरचं रबर बदलू?

एका मित्राने गाडीच्या समोरच्या काचेबद्दल हे विचारलं. रिपेलंट म्हणजे काचेवर पावसाचं पाणी पसरू न देणारा द्रव. दोन्ही वापरून झाल्यामुळे सांगतो.

वेग आधी पाहा. ताशी साठ-सत्तरच्या पुढे रिपेलंट लावलेल्या काचेवर पाण्याचे मणी होतात आणि वाऱ्याने सरसर वर पळतात. वायपर क्वचितच लागतो. पण ट्रॅफिकमध्ये तेच मणी जागीच बसतात आणि रात्री समोरच्या हेडलाइटचा प्रकाश प्रत्येक थेंबात फुटतो. तिथे नवं रबरच खरं कामाचं: एका फटक्यात काच स्वच्छ.

मेहनत रिपेलंटला जास्त. काचेवरचा तेलकट थर आधी पूर्ण काढायचा, द्रव गोल गोल चोळायचा, पांढुरकी झाक आली की कोरड्या कापडाने पुसायचं. यात घाई केली की वायपर थरथरत, कुरकुरत चालतो. वायपरचं ब्लेड, म्हणजे रबराची पट्टी, मात्र पाच मिनिटांत बदलतं.

टिकाऊपणा? साधं सिलिकॉनचं रिपेलंट समोरच्या काचेवर काही आठवड्यांत उतरतं, वायपरच ते घासून काढतो. रबर सहा महिने ते वर्षभर चालतं.

रोज शहरातच फिरत असाल तर आधी ब्लेड बदला. हायवेवर लांबचे प्रवास असतील तर चांगल्या ब्लेडसोबत रिपेलंटही लावा. बाजूच्या काचा आणि आरशांना वायपर नसतोच, तिथे मी प्रत्येकाला रिपेलंटच सांगेन.