वणव्याचा धूर घरात: प्युरिफायर घ्यावा की पंख्यालाच फिल्टर बांधावा?

खिडक्या लावल्या की धूर बाहेरच राहिला, असं आपण धरून चालतो. वणव्याच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक असतात. दाराखालची फट किंवा सैल चौकट त्यांना आत शिरायला पुरून उरते. त्यात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असेल, तर तो जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढीच फटींतून आत ओढली जाते. टिश्यू पेपरची पट्टी फटीसमोर धरा, आतल्या बाजूला झुकलेली दिसेल.

तेव्हा आधी एक्झॉस्ट बंद आणि फटी बंद. पण अख्खं घर बुजवायच्या फंदात पडू नका, एक खोली निवडा. तिथेही थोडा धूर शिरणारच, म्हणून हवा गाळावी लागते.

हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणारा दाट फिल्टर असलेला प्युरिफायर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. आकडा झकास, पण तो फिल्टरमधून गेलेल्या हवेचा. खोलीसाठी बघायचा तो धुराचा सीएडीआर, म्हणजे यंत्र दर मिनिटाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा: 150 चौरस फुटांच्या खोलीला दर मिनिटाला निदान 150 घनफूट. छोटं यंत्र मोठ्या हॉलमध्ये ठेवणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं.

दुसरा पर्याय 2020 मध्ये पुढे आलेला कोर्सी-रोझेन्थाल बॉक्स. चार मर्व्ह 13 (बारीक कण अडवणाऱ्या दर्जाचे) फिल्टर चौकोनात उभे करायचे, खाली पुठ्ठा, वर चौकोनी बॉक्स फॅन, सांधे टेपने बंद. एका फेरीत हेपापेक्षा कमी कण अडतात, पण हवा इतकी खेचतो की बऱ्याच महागड्या यंत्रांच्या तोडीस उतरतो. दिसतो मात्र ओबडधोबड, आणि आवाजही करतो. शिवाय घरगुती जुगाड असल्यामुळे सगळे झोपलेले असताना तो चालू ठेवायला माझं मन धजत नाही.

म्हणून एकच घ्यायचं तर मी झोपायच्या खोलीसाठी प्युरिफायर घेईन. सलग सात-आठ तास आपण तिथेच असतो. दिवसा माणसं हॉलमध्ये असतील तर बॉक्स उत्तम.

जळका वास मात्र दोन्हींनी जात नाही, त्याला भरपूर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (वास शोषणारा कोळसा) लागतो. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊच नका, ओझोन स्वतःच फुप्फुसांना घातक. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे चालेल. पण त्याची जाळी धूळ अडवते, धूर नाही. कूलर बाहेरची हवा ओढतो, तो बंद. बाहेर जाणं भाग असेल तर एन 95 मास्क, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढीवर तो नीट बसत नाही.

फिल्टर बदलायला पॅकेटवरच्या मुदतीची वाट बघू नका. धुराच्या दिवसांत पांढरा कागद बघता बघता राखाडी होतो.