तीन एकर रानाची कार्बन मोजणी: खानापूर तालुक्यातील एका सेवेचा अनुभव

जांबोटीच्या पलीकडे आमचे तीन एकर मालकीचे रान आहे. वडिलांच्या काळापासून तेथून जळणापुरती वाळकी लाकडे सोडून काही नेलेले नाही. त्यामुळे वर ऐन, किंजळ आणि नाणा, मधल्या थरात जांभूळ आणि कुंभा, आणि त्यांच्या सावलीत अंजनी व करवंद अशी दाटी आजही टिकून आहे. कडेच्या अर्ध्या एकरात मात्र नऊ वर्षांपूर्वी मीच ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा लावल्या. या दोन्ही भागांत कार्बन किती साठला आहे हे समजावे म्हणून गेल्या डिसेंबरात बेळगावातील एका खासगी सेवेकडून मी मोजणी करून घेतली. साडेचार हजार रुपये शुल्क, दोन दिवसांचे काम आणि तीन आठवड्यांनी अहवाल असे ठरले आणि ते त्यांनी पाळले. पहिल्या अहवालात मोठी चूक होती, पण ती त्यांनी मान्य करून दुरुस्त केली. म्हणून सेवेचे नाव न घेता फक्त कामाविषयी लिहितो.

रानातील काम उत्तम झाले. आलेल्या दोन्ही तरुणांनी तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराचे प्रत्येक झाड छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेप लावून मोजले. उतारावरच्या झाडाला त्यांनी वरच्या अंगाला उभे राहून टेप लावला, आणि जुन्या बुंध्याला फुटलेले फुटवे एकच झाड न धरता वेगवेगळे नोंदवले. जेथे घेर घेतला तेथे खोडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला, हे मला सर्वांत आवडले. पुढची मोजणी त्याच जागी झाली नाही, तर झाड किती वाढले हे खात्रीने सांगता येत नाही. ‘काका, हे कोणते झाड?’ असे ते प्रत्येक ठिकाणी विचारत होते आणि आमच्या वाडीतील आबा नाव सांगत होते. आबांचा ऐन त्यांच्या वहीत कन्नडमध्ये मत्ती झाला, नाणा नंदी झाला, जांभूळ नेरळे झाले. नावे दोन भाषांत असली तरी झाडे बरोबर ओळखली गेली.

चूक झाली ती कार्यालयात. बहुधा नावांचा मेळ न बसल्यामुळे हिशेब करणाऱ्याने सगळ्या झाडांच्या लाकडाची घनता सरसकट ०.६, म्हणजे दर घनसेंटिमीटरला ०.६ ग्रॅम, धरली. ही चूक किरकोळ नाही. झाडाचे वजन त्याच्या जाडीवर आणि उंचीवर अवलंबून असते, तसेच ते लाकूड किती भरीव आहे यावरही अवलंबून असते. उष्ण प्रदेशातील वृक्षांसाठी २०१४ पासून सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सूत्राने मी स्वतः पडताळा घेतला. तीस सेंटिमीटर व्यासाची आणि पंधरा मीटर उंचीची दोन झाडे घेतली, एक ऐन आणि एक सावर. सरसकट घनतेने दोघांचेही जमिनीवरील कोरडे वजन सुमारे ४३९ किलो येते. पण ऐनाची घनता ०.७५ आणि सावरीची ०.३३ च्या आसपास धरली, तर ऐन सुमारे ५४६ किलो भरतो आणि सावर २४५ किलोच भरते. कोरड्या वजनाचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन असतो, म्हणजे दिसायला सारख्या असलेल्या या दोन झाडांपैकी एकात सुमारे २५७ किलो आणि दुसऱ्यात ११५ किलो कार्बन आहे. जड लाकडाच्या ऐन-अंजनीच्या रानाला सरासरी घनता लावणे म्हणजे त्याचा साठा कमी दाखवणे होय. हे पत्राने कळवल्यावर त्यांनी प्रत्येक जातीची घनता वेगळी घेऊन आठ दिवसांत नवा अहवाल दिला, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

नव्या अहवालातील घेराप्रमाणे लावलेला तक्ता मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. आमच्याकडे मगरीच्या पाठीसारख्या सालीचे काही जुने ऐन आहेत, ज्यांचा घेर १८८ सेंटिमीटरच्या, म्हणजे व्यास साठच्या जवळपास आहे. असे वीस मीटर उंचीचे एक झाड वरच्याच सूत्राने सुमारे २,८०० किलो भरते, म्हणजे तीस सेंटिमीटर व्यासाच्या पाच ऐनांइतके. जगभरातील ४८ मोठ्या वनक्षेत्रांच्या तुलनेतही, २०१८ साली, असेच आढळले होते की सर्वांत जाड एक टक्का झाडांत जमिनीवरील एकूण जैवभाराचा, म्हणजे झाडांच्या कोरड्या वजनाचा, जवळपास निम्मा भाग असतो. म्हणूनच म्हातारा ऐन काढून त्या जागी दहा रोपे लावण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. ती रोपे तेवढी जाड होईपर्यंत आपल्यातील अनेकांचे आयुष्य संपलेले असेल.

सेवेची खरी उणीव पुढे आहे. जमिनीवरचे खोड आणि फांद्या मोजून त्यांनी मुळांसाठी ठरावीक टक्केवारी मिळवली आणि हिशेब तेथेच संपवला. वनातील कार्बनचे पाच साठे मानले जातात: जमिनीवरील भाग, मुळे, मेलेले लाकूड, पाचोळा आणि माती. देशाच्या वनांचा हिशेब करणाऱ्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालातही एकूण साठ्याचा निम्म्याहून अधिक भाग मातीत दाखवलेला आहे. आमच्या रानात घोटाभर पाचोळा असतो, वठलेले दोन किंजळ वाळवी खात उभे आहेत आणि खालची तांबडी माती वरच्या थरात काळसर झाली आहे. बाभळीच्या रांगांखाली यांपैकी फारसे काही दिसत नाही. तरीही दोन्ही भागांची तुलना केवळ खोडांवर झाली, त्यामुळे थरांनी भरलेल्या रानाला अहवालात त्याचे पुरते श्रेय मिळालेले नाही. मातीचे नमुने घेणे खर्चाचे असते हे मला मान्य आहे. पण निदान ‘माती मोजलेली नाही’ हे वाक्य पहिल्याच पानावर ठळक असायला हवे होते. ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे.

अहवालासोबत मिळालेला सल्ला मात्र मी नाकारला. वेगाने वाढणारी बाभूळ आणखी दोन एकरांत लावावी, वर्षाला अधिक कार्बन धरला जाईल आणि कार्बन क्रेडिटही, म्हणजे धरलेल्या कार्बनबद्दल मिळणारी व विकता येणारी प्रमाणपत्रे, मिळतील, असे त्यांचे म्हणणे होते. सुरुवातीची काही वर्षे बाभूळ ऐनापेक्षा झपाट्याने वाढते, हे खरे आहे. परंतु ती आठ-दहा वर्षांत तोडली जाते आणि तिचे लाकूड जळणाला किंवा लगद्याला गेले की धरलेला कार्बन लवकरच हवेत परततो. शिवाय ही दोन एकर जागा रिकामी नाही. तेथील रान काढताना जो साठा जाईल तो कोणत्या खात्यात धरायचा, याचे उत्तर मला मिळाले नाही. क्रेडिट सहसा नव्याने वाढलेल्या साठ्यावर मिळते, आधीच उभ्या असलेल्या झाडांवर नव्हे, आणि तीन एकरांच्या मालकाला नोंदणी व पडताळणीचा खर्चच परवडणारा नसतो. ही गोष्ट शेतकऱ्याला पैसे घेण्यापूर्वी सांगितली पाहिजे.

मोजणीसाठी ही सेवा मी खानापूर, बेळगाव किंवा चंदगडच्या बाजूच्या कोणत्याही रानमालकाला सुचवीन. लागवडीच्या सल्ल्यासाठी सुचवणार नाही. मोजणीच्या दिवशी झाडे ओळखणारा गावातील जाणता माणूस बरोबर ठेवावा, आणि अहवाल हाती आल्यावर जातवार घनतेचा रकाना आधी पाहावा. बाभळीच्या रांगा यंदा तोडायच्या होत्या, त्या मी ठेवल्या आहेत आणि त्यांच्या मध्ये रानातच उगवलेली किंजळ व जांभळाची रोपे राखायला सुरुवात केली आहे. पाच वर्षांनी याच सेवेला पुन्हा बोलावून पांढऱ्या पट्ट्यांवरच टेप लावून घ्यायचा आहे.