घरचा यूव्हीबी दिवा: कोडावर अकरा महिने वापरून

हनुवटीवर, मानेवर आणि दोन्ही हातांच्या बोटांवर कोड आहे. आधी प्रकाशोपचारासाठी क्लिनिकमध्ये जायचे. मिनिटभराच्या प्रकाशासाठी जाण्यायेण्यात दीड तास, तेही आठवड्यातून तीनदा. शेवटी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हातात धरायचा नॅरोबँड यूव्हीबी दिवा (अतिनील किरणांचा अरुंद पट्टा, ३११ नॅनोमीटर) घेतला.

दिव्याला कंगव्यासारखी दातेरी पट्टी आहे, ती त्वचेला टेकली की अंतर आपोआप राखलं जातं. गॉगल घालायचाच. सलग दोन दिवस कधी घ्यायचा नाही. सेकंद डॉक्टर ठरवून देतात आणि हळूहळू वाढवतात. दुसऱ्या दिवशी डाग फिकट गुलाबी दिसला की मात्रा बरोबर. मी दिवाळीच्या तोंडावर मनानेच सेकंद वाढवले आणि भावाला ओवाळायला लालभडक, चुरचुरती हनुवटी घेऊन बसले. पुढे दहा दिवस दिवा कपाटात. तेव्हापासून वहीत तारीख आणि सेकंद लिहिते, किराणाच्या हिशेबासारखे.

सुरुवातीला एका गोष्टीने धीर सुटतो. डागाभोवतीची कातडी काळवंडते, त्यामुळे डाग आणखीच पांढरा दिसतो. मला वाटलं, वाढतंय! दहाव्या आठवड्यात मानेवर तिळाएवढे तपकिरी ठिपके आले, प्रत्येक ठिपका लवेच्या मुळाशी. रंग तयार करणाऱ्या पेशी तिथूनच परत येतात. आज मान जवळजवळ भरली आहे, हनुवटी निम्म्याहून जास्त. (सोबत टॅक्रोलिमसचं, म्हणजे त्वचेतल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारं मलम होतं, पहिले दोन आठवडे ते चांगलंच झोंबलं.)

बोटांची टोकं मात्र जशीच्या तशी. तिथे लवच नाही, पेशी येणार कुठून? डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मला तेव्हा ऐकायचं नव्हतं.

त्याच भेटीत थायरॉइड तपासायला लावलं, तेही बिघडलेलं निघालं. दोन्ही आपल्याच पेशींवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीचे उद्योग. परकराची नाडी सैल बांधायला सांगितली, कारण सतत घासलं जातं तिथे नवा डाग उठू शकतो. चिकटवायची टिकलीही बंद. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावरचा रंग जातो. आता कुंकू लावते.

नातेवाइकांचे उपचार वेगळेच. एका मावशींच्या सांगण्यावरून पूर्वी बावचीचं तेल लावून उन्हात बसले होते, फोड आले. "दुधाबरोबर मासे खाल्लेस का गं?" हेही त्यांनीच विचारलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासे शिजलेले नाहीत.

फक्त बोटांसाठी घेणार असाल तर पैसे घालवू नका. चेहरा-मानेसाठी, डॉक्टर पाठीशी असतील आणि वही लिहायचा कंटाळा नसेल, तर घ्या. बोटांना प्रकाश देणं मी गेल्या महिन्यात डॉक्टरांना विचारून थांबवलं. हनुवटीचं अजून चालू आहे, उद्या ८५ सेकंद.