कामिनोचा पहिला दिवस: डोंगरावरून की दरीतून?

कामिनो म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोपर्यंतची पायी यात्रा. क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूच्या शिक्क्यांच्या पासपोर्टवर, पहिला शिक्का पडला, सॅकला यात्रेची खूण म्हणून शिंपला बांधला, की सँ-जाँ-पिए-द-पोर या फ्रेंच गावात कामिनोचा पहिला प्रश्न उभा राहतो: उद्या डोंगरावरच्या नेपोलियन वाटेने जायचं की दरीतल्या वाल्कार्लोसच्या वाटेने? दोन्ही वाटा पिरेनीज ओलांडून स्पेनमधल्या रोन्सेसव्हायेसला पोचतात, दोन्ही साधारण २५ किलोमीटरच्या. म्हणजे अंतर बघून काहीच ठरत नाही.

१ नोव्हेंबर ते ३१ मार्चमध्ये जाणार असाल तर विषयच मिटला. त्या काळात नेपोलियनची डोंगरवाट बंद असते.

एरवी आधी चढाचा हिशोब करा. गाव जेमतेम १७० मीटरवर आणि नेपोलियन वाटेवरची लेपोएदेर खिंड १,४३० मीटरच्या आसपास. बारीतून कळसूबाई चढतो त्याहून जास्त चढ, तोही पाठीवर बिऱ्हाड घेऊन. ओरिसोंच्या यात्रेकरू-निवासापर्यंतचे आठ किलोमीटर बहुतेक डांबरी, पण असे अंगावर येतात की बरोबरीच्या माणसाशी बोलणं आपोआप बंद पडतं. वर गेलं की झाडं विरळ होतात. मग नुसतं गवत, वाऱ्याचा मारा, गळ्यात घंटा बांधलेल्या मेंढ्या, वाटेतच ठाण मांडलेले पोटोक जातीचे ठेंगणे घोडे आणि डोक्यावर गिधाडं. फ्रान्स संपून स्पेन सुरू होतो तिथे पासपोर्ट बघायला कुणी नसतं. (शेंगेन व्हिसा एकच लागतो, जास्त दिवस स्पेनमध्ये जाणार, म्हणून अर्ज स्पेनकडे.)

हे सगळं दिसलं तर! धुकं उतरलं की घंटा ऐकू येतात, मेंढी दिसत नाही. आणि ओरिसोंनंतर थेट रोन्सेसव्हायेसपर्यंत एकही गाव नाही.

चढ दमवतो, पण गुडघे जातात ते उतारावर. लेपोएदेरवरून बीचच्या जंगलातून सरळ खाली जाणारी वाट ओल्या पाचोळ्याने निसरडी होते. उजवीकडची, इबान्येता खिंडीवरून येणारी वाट थोडी लांब पडते; मी तरी डोळे झाकून तीच सांगेन.

वाल्कार्लोसची वाट सोपी म्हणतात, ते अर्धंच खरं. पहिले बारा किलोमीटर आर्नेगीवरून नदीकाठाने आरामात जातात, वाल्कार्लोस गावात खायला-प्यायला मिळतं. गाव ३६५ मीटरवर आणि पुढची इबान्येता खिंड १,०५७ मीटरवर. म्हणजे दिवसाचा बहुतेक चढ भरल्या पोटी, दुपारचा. शिवाय अधूनमधून गाड्यांच्या रस्त्याच्या कडेने चालावं लागतं, नजारेही कमीच. पण ही वाट कमअस्सल नव्हे. फ्रँक राजा शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी ७७८ मध्ये याच खिंडीच्या परिसरात कापली गेली, त्याचा सरदार रोलाँ पडला तो तेव्हाच. डोंगर चढायचा नसलेले यात्रेकरू वाल्कार्लोसने जातात, अशी नोंद तर १२व्या शतकातल्या वाटदर्शिकेतही आहे.

माझं विचाराल तर नेपोलियन, पण दोन दिवसांत. पहिला मुक्काम ओरिसोंला. तिथे रात्रीच्या जेवणानंतर एकेक जण उभा राहून कुठून आलो, का आलो ते सांगतो. पुढचा महिनाभर वाटेत भेटणारी माणसं तिथेच ओळखीची होतात. जागा मोजक्या, त्यामुळे बरेच आधी बुकिंग करा. ते मिळालं नाही आणि रोज पाच-सहा तास चालायची सवय नसेल, तर वाल्कार्लोस गावात मुक्काम करून दरीची वाट दोन दिवसांत करा. एका दिवसात नेपोलियन फक्त सह्याद्रीत नेमाने फिरणाऱ्यांनी, आणि सॅक गाडीने पुढे पाठवून.

शेवटचा निर्णय मात्र हवामानाचा. आदल्या संध्याकाळी यात्रेकरूंच्या कार्यालयात वर काय परिस्थिती आहे ते विचारा. ते दरीकडे बोट दाखवत असतील तर "एवढ्या लांबून आलोय" हा हट्ट सोडा. रोन्सेसव्हायेसच्या चर्चमध्ये संध्याकाळी यात्रेकरूंना आशीर्वाद देतात, तेव्हा कोण कुठल्या वाटेने आला हे कुणी विचारत नाही.