फूको वाचायला सुरुवात कुठून करावी: 'द ऑर्डर ऑफ थिंग्ज' की 'डिसिप्लिन अँड पनिश'?

फ्रेंच विचारवंत मिशेल फूको यांच्याकडे वळू पाहणाऱ्या वाचकासमोर बहुधा ही दोन पुस्तके येतात. पहिले मूळ फ्रेंचमध्ये १९६६ साली प्रसिद्ध झाले, दुसरे १९७५ साली. मधल्या काळात फूको यांची कॉलेज द फ्रान्स या पॅरिसमधील नामांकित विद्यासंस्थेत निवड झाली आणि १९७१ पासून ते तुरुंगांतील परिस्थिती उजेडात आणणाऱ्या गटात सक्रिय राहिले. दोन्ही पुस्तकांमधील अंतर समजून घेताना हा तपशील लक्षात ठेवावा.

'द ऑर्डर ऑफ थिंग्ज'चा प्रश्न असा आहे की, एखाद्या काळात कोणते विधान ज्ञान म्हणून मांडता येते, हे कशावरून ठरते? निसर्गेतिहासाच्या जागी जीवशास्त्र, संपत्तीच्या विश्लेषणाच्या जागी अर्थशास्त्र आणि सामान्य व्याकरणाच्या जागी भाषेचा ऐतिहासिक अभ्यास कसा आला, हे फूको अनुक्रमे प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए, अर्थशास्त्रज्ञ रिकार्डो आणि भाषाशास्त्रज्ञ बॉप यांच्या आधारे दाखवतात. मांडणी भव्य आहे, पण ती वाचकाकडून या तिन्ही शास्त्रांच्या इतिहासाची बऱ्यापैकी ओळख गृहीत धरते. शिवाय हे बदल का घडले, हा प्रश्न फूको यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला आहे आणि सत्तेचा विचार येथे जवळजवळ नाही.

'डिसिप्लिन अँड पनिश' मात्र पहिल्याच पानापासून वाचकाला धरून ठेवते. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्यावर हल्ला करणाऱ्या दामिएँ याला १७५७ साली पॅरिसमध्ये भर चौकात हालहाल करून मारण्यात आले, त्याचे वर्णन आधी येते. त्यापाठोपाठ, सुमारे ८० वर्षांनंतरच्या बालकैद्यांच्या तुरुंगाचे वेळापत्रक येते: ढोल वाजताच मुकाट्याने उठून कपडे घालायचे, दुसऱ्या ढोलाला अंथरूण आवरायचे, तिसऱ्याला प्रार्थनेसाठी रांगेत उभे राहायचे. शिक्षा सौम्य झाली, असे आपण सहज म्हणून जातो. फूको विचारतात की, शरीराला यातना देणारी सत्ता माणसाचा दिवस मिनिटामिनिटाने आखू लागली, तेव्हा नेमके काय बदलले? इंग्रज तत्त्वज्ञ बेंथम यांनी सर्व कैद्यांवर एका मध्यवर्ती मनोऱ्यातून नजर ठेवता येईल अशा कारागृहाचा आराखडा केला होता; त्याची चर्चा सर्वपरिचित आहे, परंतु मला परीक्षेवरील भाग अधिक मोलाचा वाटतो. विद्यार्थी, रुग्ण आणि सैनिक यांची तपासणी होते, नोंद ठेवली जाते आणि त्या नोंदींतूनच माणसाविषयीचे ज्ञान तयार होते. ज्ञान आणि सत्ता यांची गाठ येथे प्रत्यक्ष दिसते. याही पुस्तकात उणीव आहे: या व्यवस्थेला कैद्यांनी केलेला प्रतिकार त्यात फारसा येत नाही.

म्हणून बहुतेक वाचकांनी 'डिसिप्लिन अँड पनिश'पासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. अपवाद विज्ञानाच्या, अर्थशास्त्राच्या किंवा भाषाशास्त्राच्या इतिहासात आधीच रमलेल्या वाचकाचा. त्याने 'द ऑर्डर ऑफ थिंग्ज' आधी घ्यावे. स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझ यांचे 'लास मेनिनास' हे चित्र समोर ठेवून त्यावरील पहिले प्रकरण वाचावे आणि मग श्रम, जीवन व भाषा यांवरील आठव्या प्रकरणाला पुरेसा वेळ द्यावा.