माती-पाण्याच्या प्रयोगशाळेसाठी कंडक्टिव्हिटी मीटर : आधी सेल पाहावा, मग मीटर

नागपुरातील आमच्या प्रयोगशाळेत काटोल, नरखेड आणि कळमेश्वर भागातील संत्रा बागायतदारांचे माती-पाण्याचे नमुने येतात. संत्र्याच्या झाडाला क्षार सोसत नाहीत, आणि पाण्यात क्षार जितके जास्त तितकी त्याची विद्युत वाहकता (कंडक्टिव्हिटी) जास्त, त्यामुळे बोअरवेलच्या पाण्याची वाहकता किती निघते यावर बागेचे बरेच काही अवलंबून असते. ती मोजणारा जुना मीटर निकामी झाल्यावर आम्ही पेन मीटर, टेबलावरचा दोन इलेक्ट्रोडचा मीटर आणि चार इलेक्ट्रोडचा मीटर असे तीन प्रकार मागवून वापरून पाहिले आणि अखेर दोन इलेक्ट्रोडचा भारतीय बनावटीचा मीटर घेतला. या निवडीबद्दल आम्ही समाधानी आहोत, मात्र काही गोष्टी खरेदीपूर्वीच पारखून घ्यायला हव्यात.

कोटेशनमध्ये पुरवठादार पडद्यावरचे आकडे, साठवण क्षमता आणि संगणकाची जोडणी यांचे वर्णन करतात. सेलबद्दल, म्हणजे नमुन्यात बुडवायच्या, धातूच्या पट्ट्या (इलेक्ट्रोड) असलेल्या भागाबद्दल मात्र एखादीच ओळ असते. प्रत्यक्षात मोजमापाचा दर्जा सेलच ठरवतो. त्याचा स्थिरांक म्हणजे पट्ट्यांमधील अंतर भागिले त्यांचे क्षेत्रफळ. अतिशुद्ध पाण्यासाठी 0.1, विहिरी-बोअरवेलच्या पाण्यासाठी आणि मातीच्या अर्कासाठी 1, तर खूप खारट द्रावणांसाठी 10 स्थिरांकाचा सेल लागतो. आमचे बहुतेक नमुने काहीशे ते काही हजार मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर या टप्प्यात असल्याने स्थिरांक 1 असलेला एकच सेल पुरतो, आणि सर्व टप्पे मोजणाऱ्या महागड्या संचाची गरज उरत नाही.

नागपुरात सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती तापमानाची. पाण्याची वाहकता दर अंशाला साधारण 2 टक्क्यांनी वाढते आणि निकाल 25 अंशांवरचा द्यायचा असतो. मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या आसपास असताना कूलर लावूनही खोलीतले पाणी सहज 35 अंशांवर जाते. अशा वेळी तापमानाची दुरुस्ती न करता घेतलेले रीडिंग सुमारे 20 टक्क्यांनी जास्त येते आणि वापरण्याजोगे पाणी खारे ठरू शकते. म्हणून आपोआप दुरुस्ती करणारा मीटरच घ्यावा, आणि त्याचा तापमान संवेदक सेलमध्येच बसवलेला आहे की वेगळा आहे हेही विचारावे. वेगळा असल्यास तो त्याच बीकरमध्ये बुडवणे आवश्यक आहे.

ही दुरुस्ती तपासण्याची आमची पद्धत सोपी आहे. वाळवलेले 0.7456 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड एक लिटर द्रावणात घेतले की 0.01 मोलर द्रावण मिळते, ज्याची 25 अंशांवरील वाहकता 1413 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर असते. हेच द्रावण थंड करून आणि कोमट करून मोजले तरी दुरुस्ती चालू असताना आकडा 1413 च्या जवळच राहायला हवा. दुरुस्ती बंद केल्यावर 30 अंशांना तो 1550 च्या आसपास दिसतो. आम्ही घेतलेला मीटर या कसोटीला उतरला. पेन मीटर कोमट द्रावणात स्थिरावायला फार वेळ घेत होता. बांधावर अंदाज घ्यायला तो चांगला आहे, पण अहवालावर सही करण्याजोगा नाही.

चार इलेक्ट्रोडचा सेल मला मनापासून आवडला. पट्ट्यांवर थोडा थर बसला तरी त्याचे रीडिंग फारसे ढळत नाही, आणि आपल्या काळ्या मातीचा चिकट गाळ पाहता हा मोठाच गुण आहे. मात्र त्याची किंमत आमच्या अंदाजपत्रकात बसली नाही. दोन इलेक्ट्रोडच्या सेलवर हे काम करायचे तर माती आणि पाण्याचे 1:2.5 प्रमाणातले मिश्रण पूर्ण निवळू द्यावे, वरच्या स्वच्छ पाण्यातच सेल बुडवावा आणि पट्ट्यांमध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला नाही ना, हे काचेतून डोळ्यांनी पाहावे. पट्ट्यांवरचा काळा मखमली थर प्लॅटिनमचाच असतो. तो मळ समजून टिश्यूने पुसला की सेल बिघडतो.

पुरवठादाराच्या कागदपत्रांबद्दल मात्र आमची तक्रार आहे. कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र म्हणून आलेल्या कागदावर फक्त सेलच्या जागी प्रमाण रोध (ठरावीक मूल्याचा रेझिस्टर) जोडून केलेली मीटरची तपासणी होती, सेलचा उल्लेखही नव्हता. असे प्रमाणपत्र स्वीकारू नये. मीटर आणि सेल एकत्र, प्रमाण द्रावणात तपासल्याचा दाखला ऑर्डरमध्येच लिहून मागावा.

कोराडी किंवा खापरखेड्यासारख्या वीज केंद्रांतील बॉयलरच्या पाण्यासाठी हा संच उपयोगी नाही. शुद्ध पाण्याची वाहकता 25 अंशांवर 0.055 मायक्रोसिमेन्स इतकी कमी असते आणि उघड्या बीकरमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साईड विरघळून ती लगेच वाढते, तिथे 0.1 स्थिरांकाचा, वाहत्या पाण्यात बंदिस्त बसणारा सेलच हवा. माती-पाण्याच्या प्रयोगशाळांनी मात्र हा मीटर निर्धास्तपणे घ्यावा आणि त्याच ऑर्डरमध्ये दुसरा सेलही मागवावा, कारण पट्ट्यांवर पुन्हा प्लॅटिनमचा थर चढवण्यासाठी सेल कंपनीकडे पाठवला की ऐन हंगामात काम अडते.